मधली बशी

११ फेब्रुवारी

दादा,

'तीर्थरूप' लिहायला घेतलं आणि खोडलं. सहा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता एकदम नमस्कार-चमत्कार सुरू केले, तर तुला ते ढोंग वाटेल. म्हणून नुसतंच दादा.

आमच्या प्रयोगशाळेचा अहवाल तुमच्या कारखान्यात पोचला असेल. खाली माझी सही आहे. तू ती ओळखलीच असशील.

वकिली भाषेत तो पानभर आहे, सरळ सांगायचं तर एवढंच: तुम्ही पाइपची तंबाखू म्हणून जो माल बाहेर पाठवलात, तो कायद्यानं हातानं वळायची तंबाखू ठरतो. दीड मिलिमीटरपेक्षा बारीक तंतूंचं वजन एकूण वजनाच्या चौथ्या हिश्शाच्या वर गेलं की तो माल सिगारेट वळायचा धरायचा, अशी व्याख्या आहे. तुमच्या पाकिटात ते शंभरात सत्तावीस भरलं. पंचवीसपर्यंत असतं तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. पाइपच्या मालावर कर नावापुरता आणि वळायच्या मालावर कंबरडं मोडणारा, त्यामुळे करखातं याला चूक म्हणत नाही, खोटं जाहीरपत्र म्हणतं. माल कोणता ते लिहून देणाऱ्या त्या जाहीरपत्रावर सही कटाईच्या मुकादमाची असते. म्हणजे तुझी. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे तुला कुणी सांगितलं नसेल तर मी सांगतेय.

मी माझं काम केलं. नमुने आमच्या टेबलावर फक्त क्रमांक घेऊन येतात, माल कुणाचा हे आम्हाला कळत नाही, कळूही नये. तुझ्याशी माझं काही वाकडं आहे म्हणून हे झालं, असं मनात आणू नकोस. सहा वर्षांपूर्वीही समितीत मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. तेव्हाही हेच सांगत होते, तू ऐकून घेतलं नाहीस.

एक गोष्ट मात्र कर. प्रत्येक नमुन्याचं एक राखीव पाकीट आमच्या तिजोरीत सीलबंद असतं. अहवालापासून साठ दिवसांत तुम्ही अर्ज केलात तर दुसरे लोक ते उघडून पुन्हा मोजतात. अर्ज आला नाही तर ते जाळून टाकतात. तुमची मुदत नऊ एप्रिलला संपते. अर्ज करायला काही लागत नाही. करून टाक.

आई बरी आहे. कानातलं यंत्र मी बोलायला लागले की काढून ठेवते आणि बातम्या लागल्या की घालते. यातलं तिला काही सांगितलेलं नाही.

वाचून झालं की हे फाडून टाक. ज्याच्या मालावर मी अहवाल दिला त्याला पत्र लिहिणं मला शोभत नाही आणि नियमात बसतही नाही.

तुझी बहीण


४ मार्च

दादा,

उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. तरी तीन आठवडे रोज जिन्यातली टपालपेटी उघडतेय, आणि शेजारीण मला विचारते, "लॉटरी लागायची आहे का?"

अर्ज अजून आलेला नाही. प्रयोगशाळेतल्या टपालाच्या वहीत मी रोज बघते. छत्तीस दिवस राहिलेत. तुला पत्र मिळालं की नाही? मिळालं असेल तर अर्ज का करत नाहीस? माझ्यावरचा राग अर्जावर काढू नकोस.

राग का, ते मला माहीत आहे, उगाच आपण दोघांनी आव आणायला नको. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तू आठ दिवस माझ्याकडे राहिला होतास. स्वयंपाकघरात कांदा चिरता चिरता मी तुला तुझ्या त्या मोठ्या कारखान्याबद्दल विचारत होते, आणि तू रंगात येऊन सांगत होतास: मालकानं पातं कसं नेमकं एवढंच उघडं ठेवायला लावलंय, पाकिटावर पाइपचं चित्र, आणि दुकानदार त्याच पाकिटाबरोबर वळायचे कागद फुकट देतो. हसत होतास तू. मीही हसले. मग महिन्याभरानं कराच्या व्याख्या ठरवायच्या समितीवर मला घेतलं, आणि मी तिथं मांडलं की पाकिटावर काय छापलंय ते बघू नका, तंतू मोजा. दीड मिलिमीटर आणि चौथा हिस्सा, ही व्याख्या माझी आहे. मी तिची लाज बाळगणार नाही. पाइप ओढणारे किती आणि ते पाकीट घेणारे किती, हे तुलाही ठाऊक होतं. मालकानं मात्र घरभेदी शोधला आणि तू रस्त्यावर आलास, आताच्या या कारखान्यात लागेपर्यंत.

तुला वाटतं मोजणं म्हणजे यंत्रात टाकलं आणि आकडा आला. तसं नाही. चिमटीभर माल घ्यायचा, भुगा चाळून काढायचा, आणि एकेक तंतू चिमट्यानं उचलून भिंगाखालच्या काचेवर ठेवायचा. काचेवर दोन रेषा कोरलेल्या आहेत, त्यांच्यात अंतर दीड मिलिमीटर. तंतू एका रेषेला टेकवायचा. त्याची दुसरी कड पलीकडच्या रेषेच्या बाहेर गेली तर तो उजव्या बशीत, जाड. अलीकडेच राहिली तर डाव्या बशीत, बारीक. कड नेमकी रेषेवरच बसली तर मधल्या बशीत. तिला आमच्याकडे 'तळ्यात-मळ्यात' म्हणतात. चार-पाचशे तंतू होतात, मान मोडते. शेवटी बशांची वजनं करायची आणि आकडा लिहायचा. अहवालात आकडे दोनच असतात, जाड आणि बारीक. मधल्या बशीचं काय करायचं ते मोजणाऱ्यानं ठरवायचं.

हे सगळं मी तुला का सांगतेय, कुणास ठाऊक. सांगायचं एवढंच की दुसऱ्या माणसाच्या हातून आकडा थोडा इकडेतिकडे होऊ शकतो. थोडा म्हणजे तुझ्यापुरता पुरेसा. अर्ज कर.

काल साहेबांनी बोलावलं होतं. आमचे प्रमुख, सप्टेंबरात निवृत्त होतायत, त्यामुळे हल्ली त्यांना कुठलाही कागद हातात घेतला की चटका बसल्यासारखं होतं. म्हणाले, "खात्याच्या वकिलानं त्या सत्तावीसवाल्या नमुन्याचा कच्चा कागद मागवलाय. कारखाना तुमच्या ओळखीतला नाही ना?"

मी म्हटलं, "नाही."

कच्च्या कागदावर तिन्ही बशांची वजनं असतात. तो मी अजून दिलेला नाही.

तुझी बहीण


२० मार्च

दादा,

आज सकाळी वहिनींचा फोन आला. सहा वर्षांनी पहिल्यांदा त्यांचा आवाज ऐकला. आधी दोघीही नुसत्या "हं, हं" करत होतो. मग त्या म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही तरी सांगा त्यांना. ते गुन्हा कबूल करायला निघालेत."

मी म्हटलं, अर्ज का करत नाही तो? वकील काय करतोय?

"वकीलबाई रोज डोकं आपटतायत. म्हणतात, फेरतपासणी मागा, आपला हक्क आहे. तर हे म्हणतात, गरज नाही. 'पट्टीनं मोजलंय. पट्टी चुकत नाही. माझंच पातं सरकलं असणार, मला कळलं नसणार.' तीन दिवस यंत्र उघडून बसले होते. पातं बदललं, जुनं घरी आणून ठेवलंय, त्याच्याकडे बघत बसतात."

दादा, मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले. आई बाहेरून विचारत होती, पाणी वाया का घालवतेस म्हणून.

सहा वर्षं तू माझं तोंड पाहिलं नाहीस. घरभेदी म्हणालास, आणि त्याहून वाईटही म्हणालास. पण मी मोजलेलं चुकीचं असेल हे तुझ्या मनालाही शिवलं नाही. लहानपणी केळं अर्धं करायचं तर मी दप्तरातली पट्टी काढायचे आणि तू सगळ्या गल्लीला ओरडून सांगायचास, 'ही आमची पट्टी!' त्या नावावर विसंबून तू तुरुंगात चालला आहेस.

ऐक आता. माझ्या पहिल्या पत्रात खोटं आहे. दुसऱ्यातही आहे, फक्त जरा कमी.

माल कुणाचा ते मला कळलं होतं. पाकिटाच्या आतल्या चिठ्ठीवर नाव झाकायला कारकून कागद चिकटवतो, तो सुटला होता. तुझी सही होती, शेवटी ती गाठ मारल्यासारखी शेपटी काढतोस ती. नियम असा की ओळखीचं काही दिसलं की हात आवरायचा, साहेबांना सांगायचं, नमुना दुसऱ्याला द्यायचा. दोन मिनिटांचं काम. मी केलं नाही. सांगितलं असतं तर साहेबांनी विचारलं असतं, भाऊ तंबाखूच्या धंद्यात? कधीपासून? आणि मग समितीतली माझी माहिती कुठून आली, ते एका झटक्यात सगळ्यांना कळलं असतं. मी चिठ्ठी उलटी केली आणि चिमटा उचलला.

मोजताना हात थरथरला नाही. उगाच थरथरला असं सांगून तुझी दया घेत नाही. तीन बशा भरल्या. उजवी शंभरात त्र्याहत्तर, डावी बावीस, मधली पाच.

मधल्या बशीचं काय करायचं ते मोजणारा ठरवतो, असं मी लिहिलं होतं. तेही खोटं. मी ठरवत नाही, कुणीच ठरवत नाही. व्याख्या आल्यापासून आमच्याकडे मधली बशी उजव्या बशीत जाते. कुठे लिहिलेलं नाही, पण पहिल्या दिवशीच शिकवतात: आपली खात्री नाही म्हणून कुणावर खटला घालायचा नाही. मी स्वतः कितीतरी पोरींना हे शिकवलंय.

तुझ्या मालाची मधली बशी मी डावीकडे ओतली.

का, ते सांगते. उजवीकडे ओतली असती तर बावीस आला असता, तू सुटला असतास, आणि पुढेमागे कुणाला कळलं असतं की मोजणारी सख्खी बहीण होती, तर म्हणाले असते, बघा, शंकेचा फायदा भावाला दिला. ते मला नको होतं. मला एवढं स्वच्छ राहायचं होतं की कुणाला बोट ठेवायला जागा मिळू नये. अनोळखी माणसाला जे मी डोळे मिटून दिलं असतं, ते तुला नाकारलं, आणि नाकारताना मला बरं वाटलं, दादा. वाटलं, बघा, मी कुणाची नाही. तू माझा भाऊ नसतास तर त्याच संध्याकाळी मोकळा झाला असतास.

तुझं पातं सरकलेलं नाही. ते परत बसव.

वकीलबाईंना हे पत्र दाखव. फाडू नकोस. वीस दिवस आहेत.

पट्टी


२९ मार्च

दादा,

वहिनींनी सांगितलं, माझी तिन्ही पत्रं तू उघडलेलीच नाहीस. हत्यारांच्या डब्यात ठेवली आहेस. फाडली नाहीस, उघडलीही नाहीस. त्यांनी विचारलं, मी उघडून वाचून दाखवू का, तर म्हणालास, "तिचं जे काय असेल ते तिच्यापाशी."

फोनवर त्यांना सगळं सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी तुला सांगितलंही. तू म्हणालास, "मला वाचवायला खोटं बोलतेय. तिला म्हणावं, नोकरी सांभाळ."

म्हणजे मी खरं बोलले तेव्हा तुला ते खोटं वाटलं! आणि तुझी सुनावणी चार तारखेला. एकदा तू तिथं 'कबूल आहे' म्हणालास की राखीव पाकिटाला कुणी हात लावणार नाही, नऊ तारखेला ते भट्टीत जाईल.

मग एकच दार उरलं. मोजणाऱ्यानं स्वतः लेखी दिलं की अहवालात खोट आहे, तर अर्ज नसतानाही फेरतपासणी करावी लागते आणि सुनावणी तोवर थांबते. नियम आहे. वीस वर्षांत तो कुणी वापरल्याचं मला आठवत नाही.

परवा जेवणाच्या सुट्टीत साहेबांकडे गेले. ते डबा उघडत होते. कच्चा कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि सांगितलं, मधली बशी मी चुकीच्या बाजूला ओतली.

त्यांनी झाकण परत लावलं. म्हणाले, "बाई, कायद्यात मधल्या बशीबद्दल एक अक्षर नाही. तुम्ही ती डावीकडे ओता, उजवीकडे ओता, खिडकीतून फेका. तुम्हाला कोण विचारणार आहे?"

"कुणी विचारणार नाही म्हणूनच सांगतेय."

"आणि मग विचारतील, बाकीच्या अहवालांत कुठे ओतलीत? चारशे अहवाल आहेत. प्रत्येक कारखान्याचा वकील दारात येऊन उभा राहील. माझे पाच महिने राहिलेत हो. पाच महिने!"

"तुमचे पाच महिने राहिलेत, दादाची दोन वर्षं जातील."

"दादा? कोण दादा?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी बोलून गेले. साहेबांचा चेहरा मी सांगू शकत नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "मी काही ऐकलं नाही. तुम्ही जा, दोन दिवस रजा घ्या, डोकं थंड करा."

रजा घेतली नाही. पायऱ्या उतरून आवक विभागात गेले आणि आयुक्तांच्या नावानं दोन पानी निवेदन दिलं. सही ओळखली होती, लपवली, मधली बशी परंपरेविरुद्ध डावीकडे ओतली, मुकादम माझा सख्खा भाऊ आहे. कारकुनानं शिक्का मारला आणि पोच देताना म्हणाला, "मॅडम, पुन्हा एकदा वाचून घ्यायचं आहे का?" मी म्हटलं, "मी लिहिलेलं मी पुन्हा वाचत नाही." खोटंच ते, पण तेवढी ऐट राहू दे.

आज सकाळी ओळखपत्र काढून घेतलं. निलंबित. चौकशी चालेल, पेन्शनचं काय होईल सांगता येत नाही. माझा चिमटा ड्रॉवरमध्ये राहिला. स्वतःच्या पैशांनी घेतला होता, तरी शिपाई म्हणाला, काहीही नेता येणार नाही.

आईला सांगितलं, सुट्टी लागली. ती म्हणाली, "कुणाला मारलंस का?"

बारा तारखेला फेरतपासणी आहे. दुसऱ्या प्रयोगशाळेचे दोघं येणार. पक्षकाराला समोर बसायचा हक्क आहे. ये. तुझ्या मालाचे तंतू आहेत, तुझ्या डोळ्यांसमोर मोजले जाऊ देत. काय निघेल ते मलाही माहीत नाही. ते पाकीट वेगळं आहे.

हेही डब्यात टाकशील. टाक. लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून लिहिलं.

पट्टी


१३ एप्रिल

दादा,

काल तू दाराच्या आत होतास आणि मी बाहेर बाकावर. मला आत यायला बंदी, इमारतीत यायलाही खरं तर, पण पहारेकऱ्यानं वीस वर्षांच्या ओळखीवर पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. तेव्हा आत काय झालं ते तुला ठाऊक आहे. मला ते तुमच्या वकीलबाईंच्या तोंडून हप्त्याहप्त्यानं कळत होतं.

दहा वाजता त्या पहिल्यांदा बाहेर आल्या. म्हणाल्या, मधली बशी बंद. आयुक्तांचा हुकूम आहे, प्रत्येक तंतूचा निकाल जागेवर लावायचा, इकडे किंवा तिकडे. त्या खुशीत होत्या. कड रेषेवर बसली म्हणजे दीडपेक्षा कमी नाही, ती उजवीकडेच जायला हवी, आणि तसं म्हणायचा हक्क पक्षकाराला आहे.

अकरा वाजता आल्या तेव्हा त्यांचे केस विस्कटलेले होते. "तुमचा भाऊ वेडा आहे का?"

मी म्हटलं, काय झालं?

"रेषेवरचा तंतू आला. तपासनीस विचारतो, मुकादम, तुमचं म्हणणं? तर हे खुर्चीवरून उठले, भिंगात बघितलं आणि म्हणाले, 'बारीक आहे.' मी खालून पाय दाबला. तर मला म्हणतात, 'बाई, पाय का दाबता? माझ्या पात्यानं कापलाय, मला कळत नाही का? पातं तिरकं लागलं की असा निघतो, एका टोकाला रेषेवर, मधे आत. फिरवून बघा.' फिरवला. निघाला बारीक! आता प्रत्येक तंतू फिरवून बघतायत!"

दादा, मी त्या बाकावर मोठ्यानं हसले. घाबरलेही होते आणि हसत होते. सहा वर्षांत आम्हाला कुणाला तंतू फिरवायचं सुचलं नव्हतं.

मग हसू थांबलं. बारा वाजता वकीलबाईंनी सांगितलं, शंकेचे चौदा आले, त्यातले सहा यांनी स्वतःच्या तोंडानं बारीक ठरवले. एक वाजता, नऊ. मी मनात वजनं करत होते. एकेक तंतू म्हणजे काय, काही नाही, पण मला ती डावी बशी बावीस, तेवीस, साडेतेवीस अशी भरत जाताना दिसत होती. एकदा दाराशी गेले. आत शिरून ओरडावंसं वाटलं, की दादा, पुरे, आता गप्प बस, तुला दोन वर्षं बसवतील. पहारेकऱ्यानं नुसती मान हलवली. मी परत येऊन बसले. मला काय तोंड होतं तुला गप्प बस म्हणायला?

तीन वाजता दार उघडलं आणि वकीलबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "चोवीस पूर्णांक तीन." मग पुन्हा म्हणाल्या, "पंचवीसच्या आत. संपलं." आणि मला, जिच्यामुळे हे सगळं झालं तिला, मिठी मारली. बहुतेक चुकून.

मग तू आलास. चष्मा लागलाय तुला. केस सगळे गेले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलास, मधे दोन माणसं बसतील एवढी जागा ठेवून.

"पट्टी, चुकलीस म्हणे तू."

"चुकले नाही. मुद्दाम केलं."

"ते तर त्याहून वाईट."

"हो."

तू हाताची नखं बघत बसलास. तंबाखूचा तो तपकिरी रंग अजून जात नाही तुझ्या नखांतून. मग उठलास, आणि पाठ फिरवून म्हणालास, "रविवारी आईला घेऊन ये. तीही म्हणत असेल, पोरगा मेला की काय." आणि गेलास. मला हो म्हणायलाही वेळ दिला नाहीस.

काल रात्रभर मला आनंदानं झोप यायला हवी होती. आली नाही. कारण तू मला जे माफ केलंस ते अर्धंच आहे. उरलेलं तुला माहीतच नाही, आणि ते न सांगता तुझ्या घरी येऊन जेवले तर तो घास मला गिळवणार नाही.

समितीत मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं, हे खरं आहे. पण माझ्या टिपणात तुझ्या त्या कारखान्याच्या पात्याचा नेमका आकडा होता. तो आकडा त्या कारखान्यात तिघांनाच ठाऊक होता, तू, मालक आणि मालकाचा मुलगा. टिपण पुढे जायच्या आधी साहेबांनी त्या आकड्याभोवती पेन्सिलीनं गोल केला आणि मला विचारलं, "बाई, हा कुणी सांगितला ते मी विचारत नाही. पण हा छापला की तो माणूस सापडेल. काढून टाकू का? आकड्याशिवायही चालेल, जरा कच्चं दिसेल एवढंच."

मी एक मिनिटभर विचार केला. तू सापडशील हे मला कळलं होतं. तुझी नोकरी जाईल हेही कळलं होतं. आणि कच्चं दिसलं तर माझी व्याख्या मंजूर होणार नाही, दुसऱ्या कुणाची होईल, हेही कळलं होतं. मी म्हटलं, "राहू द्या."

साहेबांनी गोल खोडून टाकला. तो खोडलेला मी बघितला आणि घरी येऊन तुला फोन करून आईच्या औषधांबद्दल बोलले.

कायदा बरोबर होता, तो आजही बरोबर आहे असं मी म्हणेन. तो तुझ्या नोकरीशिवायही झाला असता. फक्त माझ्या नावानं झाला नसता, कदाचित. सहा वर्षं मी तुझ्यावर रागावले होते, की तू मला घरभेदी म्हणालास. तू बरोबर म्हणाला होतास, दादा. मला माफ कर, असं मी लिहीत नाहीये. ते तुझं तू बघ. मला फक्त हे तुझ्यापासून लपवून तुझ्यासमोर बसायचं नाही.

रविवारी अकराच्या बसनं आम्ही दोघी येऊ. आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही, तिनं आत्ताच पिशवी भरून ठेवली आहे. तुझं मन फिरलं असेल तर दार उघडून तिला आत घे, माझ्याशी बोलू नकोस. मी समजेन. परतीच्या बसपर्यंत मी स्टँडवर बसेन, वेळ काढायला वर्तमानपत्र नेईन.

आधीची पत्रं उघडली नाहीस तरी चालेल. हे वाचल्याशिवाय राहू नये म्हणून मी पाकीट चिकटवत नाही. वाटेत टपालवाल्यानं वाचलं, वहिनींनी वाचलं, तरी वाचू दे.

पट्टी